खालच्या पट्टीतले दोन टॅब बंद करताना

आमच्या अभ्यासक्रमाच्या ॲपच्या तळाशी पाच टॅब होते: मुखपृष्ठ, अभ्यास, चाचणी, निकाल आणि प्रोफाइल. ज्या विद्यार्थ्याच्या नोंदणीची पडताळणी अजून झालेली नाही, त्याला चाचणी आणि निकाल हे दोन टॅब वापरता येऊ नयेत, बाकीचे तीन मात्र नेहमीसारखे चालावेत, अशी मागणी माझ्याकडे आली. ॲप फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनात लिहिलेले असल्यामुळे अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींसाठी कोड एकच होता, आणि मोबाइलची बाजू मी एकटीच सांभाळत होते. अर्ध्या दिवसाचे काम म्हणून मी ते हाती घेतले, पण ते खऱ्या अर्थाने पूर्ण व्हायला जवळजवळ तीन आठवडे लागले. त्या काळात मी काय करून पाहिले, काय चुकले आणि शेवटी काय ठेवले, ते येथे लिहिते आहे. टॅब बंद कसा करावा याची जी उत्तरे सहज सापडतात, ती बहुतेक बोटाचा स्पर्श अडवण्यापाशी थांबतात. माझा बराचसा वेळ मात्र स्पर्श अडवून झाल्यानंतरच्या कामांत गेला.

मला सर्वांत आधी सुचलेला मार्ग टॅब बंद करण्याचा नव्हता, लपवण्याचा होता. विद्यार्थ्याला जे वापरता येणार नाही ते दाखवायचे कशासाठी, असा विचार करून मी पडताळणी न झालेल्यांसाठी यादीतून ते दोन टॅब वगळले. पहिली अडचण क्रमांकांची निघाली. फ्लटरची खालची पट्टी टॅबला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते आणि मोजणी शून्यापासून करते. पाच टॅब असताना प्रोफाइलचा क्रमांक ४ होता. दोन टॅब वगळल्यावर तो २ झाला, आणि २ हा क्रमांक आधी चाचणीचा होता. पट्टीतली यादी मी लहान केली होती, पण पानांची यादी तशीच राहिली होती. त्यामुळे प्रोफाइलवर बोट ठेवताच चाचणीचे पान उघडले, म्हणजे जे पान बंद ठेवायचे होते नेमके तेच. पानांची यादीही लहान केल्यावर उलट बाजूने चूक समोर आली. प्रोफाइलवर असताना खात्याची स्थिती बदलली की निवडलेला क्रमांक ४ राहायचा आणि टॅब उरायचे तीन. निवडलेला क्रमांक टॅबांच्या संख्येपेक्षा लहान असलाच पाहिजे, अशी तपासणी पट्टीच्या विजेटमध्येच, म्हणजे फ्लटरने दिलेल्या त्या तयार घटकातच असते. त्यामुळे माझ्या यंत्रावर ॲप लाल पडदा दाखवून थांबले. ही तपासणी केवळ विकासाच्या वेळी चालते, प्रकाशित ॲपमध्ये ती काढून टाकलेली असते. तीच चूक वापरकर्त्याच्या फोनवर पोहोचली असती तर ती इतक्या स्पष्टपणे दिसली नसती, आणि म्हणून मला तिची अधिक भीती वाटली.

दुसरी अडचण मला अनपेक्षित होती. आम्ही वापरत असलेल्या जुन्या बॉटमनेव्हिगेशनबार या विजेटचे वागणे टॅबांच्या संख्येवर ठरते. आपण स्पष्ट सांगितले नाही तर तीन टॅबांपर्यंत पट्टी स्थिर राहते, आणि चार किंवा अधिक टॅब असले की ती सरकत्या प्रकारात जाते, म्हणजे निवडलेल्या टॅबला जास्त जागा मिळते आणि बाकीच्यांची नावे दिसत नाहीत. आमच्या कोडमध्ये प्रकार सांगितलेलाच नव्हता. त्यामुळे एकाच ॲपमध्ये पडताळणी झालेल्या विद्यार्थ्याला एक पट्टी दिसत होती आणि न झालेल्याला दुसरीच. एका ओळीने हे दुरुस्त झाले, पण लपवण्याच्या मार्गावरचा माझा विश्वास तेथेच डळमळला.

तो मार्ग मी सोडला तो एका सहकाऱ्याच्या बोलण्यामुळे. वापरकर्त्यांच्या शंकांना उत्तरे देण्याचे काम त्याच्याकडे आहे. तो म्हणाला, "टॅब दिसला नाही, तर ॲप जुने आहे असे समजून लोक ते काढून पुन्हा टाकतील. तो आहे, पण अजून उघडलेला नाही, हे त्यांना दिसू दे." पडताळणी ही पुढे होणारच असलेली गोष्ट होती. जे आज नाही पण उद्या मिळणार आहे, ते अदृश्य ठेवणे म्हणजे वापरकर्त्यापासून माहिती दडवणे, हे मला पटले. शिवाय पडताळणी होताच टॅबांच्या जागा सरकल्या असत्या आणि बोटांना झालेली सवय एका रात्रीत निरुपयोगी ठरली असती. जे टॅब एखाद्या प्रकारच्या वापरकर्त्याला कधीच लागू होणार नाहीत, उदाहरणार्थ विद्यार्थ्याच्या खात्यात शिक्षकाचे टॅब, ते लपवणे मला आजही योग्य वाटते. पण आमचे प्रकरण तसे नव्हते.

म्हणून पाचही टॅब परत आणले आणि त्यांतले दोन निष्क्रिय करायचे ठरवले. त्याआधी मी क्रमांकांची पद्धत मोडून काढली. प्रत्येक टॅबला एक नाव दिले आणि कोडमध्ये जेथे जेथे क्रमांक लिहिलेला होता तेथे ते नाव घातले. क्रमांकाचे काम केवळ पट्टीला हवे असते तेथे, एकाच जागी उरले. या बदलाने पडद्यावर काहीच वेगळे दिसले नाही आणि त्यात एक पूर्ण दिवस गेला, पण पुढचे सर्व काम त्यामुळेच शक्य झाले.

स्पर्श अडवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे टॅब दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये अट घालणे: हा टॅब बंद असेल तर काहीही न करता परत फिर. त्याने पान उघडणे थांबले. पण टॅब दिसायला इतरांसारखाच राहिला, आणि दाबल्यावर उमटणारी लहरही तशीच उमटत राहिली. बटणाने दाब स्वीकारल्याचे दाखवायचे आणि पुढे काहीच घडायचे नाही, हे मला उघड खोटे वाटले. मग मी त्या दोन टॅबांची चिन्हे ॲब्सॉर्बपॉइंटर या विजेटमध्ये गुंडाळली, कारण स्पर्श गिळून टाकणे हेच त्याचे काम आहे. तरीही टॅब चालूच राहिला. कारण शोधायला मला बराच वेळ लागला, पण ते समजल्यावर फ्लटरमधील स्पर्शाचा प्रवास मला पहिल्यांदा नीट कळला. ॲब्सॉर्बपॉइंटर आपल्या पोटातल्या विजेटांपर्यंत स्पर्श जाऊ देत नाही, पण आपल्या बाहेरच्या विजेटांपासून तो काढून घेत नाही. टॅब दाबण्याची सोय चिन्हात नसते. चिन्हाच्या बाहेर पट्टीने स्वतः बांधलेल्या आवरणात ती असते, आणि ते आवरण माझ्या हाती नव्हते. मी आतली खोली बंद करत होते आणि कडी बाहेरच्या दाराला होती. इग्नोरपॉइंटर लावूनही उपयोग झाला नाही, कारण चिन्हाने स्पर्श नाकारला तरी बाहेरचे आवरण तो घेतच होते.

पट्टीवर, त्या दोन टॅबांच्या नेमक्या जागी, अदृश्य पडदा ठेवण्याचाही प्रयत्न मी केला. फोन आडवा केला की रुंदी बदलते, आणि मग पडद्याची मापे पुन्हा मोजावी लागतात. दोन तासांत तो प्रयत्न सोडून दिला.

खरे उत्तर विजेट बदलण्यात होते. मटेरियल या गूगलच्या रचनापद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी फ्लटरमध्ये नेव्हिगेशनबार नावाचे नवे विजेट आहे, आणि त्यातल्या प्रत्येक टॅबला इनेबल्ड हा स्वतंत्र गुणधर्म देता येतो. तो बंद केला की टॅब दाब स्वीकारत नाही, लहर उमटत नाही आणि चिन्ह फिके पडते. इतर साधनांत ही सोय पूर्वीपासून आहे. अँड्रॉइडच्या मूळ पद्धतीत मेनूतला घटक निष्क्रिय करता येतो, कंपोजमध्ये प्रत्येक टॅबला असाच गुणधर्म मिळतो, आयफोनच्या यूआयकिटमध्ये टॅबच्या घटकाला सक्रिय किंवा निष्क्रिय ठेवता येते, आणि रिॲक्ट नेव्हिगेशनमध्ये टॅब दाबल्याची घटना मध्येच अडवता येते. त्यामुळे कोणी मला हे काम विचारले, तर स्पर्श अडवण्याच्या युक्त्या शोधण्याआधी आपल्या साधनात हा गुणधर्म आहे का ते पाहा, असेच मी सांगेन. मी तो दोन दिवस उशिरा पाहिला.

नवे विजेट बसवल्यावरही टॅब फिका दिसेना. या वेळी दोष आमच्या थीमचा होता. निष्क्रिय टॅबसाठी विजेटकडे स्वतःचा रंग असतो, म्हणजे मूळ रंगाची ३८ टक्के अपारदर्शकता. आमच्या थीममध्ये मात्र चिन्हांचा रंग सर्व स्थितींसाठी एकच ठरवलेला होता आणि तो विजेटच्या रंगावर मात करत होता. निवडलेला, न निवडलेला आणि निष्क्रिय अशा तीन स्थितींसाठी वेगवेगळे रंग लिहिल्यावर फरक दिसू लागला. गडद थीममध्ये तो पुन्हा वेगळा तपासावा लागला, कारण गडद पार्श्वभूमीवर न निवडलेला आणि निष्क्रिय हे दोन रंग एकमेकांच्या फार जवळ येत होते.

रंगाविषयी विचार करताना वाचनसुलभतेचा प्रश्न आला, आणि तो मला रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटला. वेब आशयाच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी ४.५ ला १ एवढा रंगविरोध मागितलेला आहे, पण निष्क्रिय घटकांना त्यातून सूट आहे. नियमाने सूट दिली असली तरी ज्याला कमी दिसते त्याला फिके अक्षर वाचता येत नाही, ही वस्तुस्थिती बदलत नाही. आणि ज्याला अजिबात दिसत नाही, त्याला फिकेपणाने काहीच कळत नाही. मी टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणारा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, चालू करून, डोळे मिटून आमचे ॲप वापरून पाहिले. केवळ फंक्शनमध्ये अट घातलेल्या माझ्या पहिल्या आवृत्तीत टॉकबॅक चाचणीचा टॅब इतर टॅबांसारखाच वाचत होता आणि उघडण्यासाठी दोनदा दाबा असेही सांगत होता. त्याप्रमाणे दोनदा दाबले की काहीच घडत नव्हते. अंध विद्यार्थ्याला आम्ही प्रत्येक वेळी चुकीची सूचना देणार होतो. नव्या विजेटमध्येही सर्व काही आपोआप होईल यावर न विसंबता मी त्या टॅबांची निष्क्रिय स्थिती सिमँटिक्समध्ये, म्हणजे स्क्रीन रीडरला दिल्या जाणाऱ्या वर्णनात, स्पष्टपणे दिली आणि दोन्ही प्रकारच्या फोनवर कानांनी तपासली. टॉकबॅक अशा टॅबला डिसेबल्ड म्हणतो आणि आयफोनचा स्क्रीन रीडर व्हॉइसओव्हर डिम्ड म्हणतो. ते शब्द ऐकू आले तेव्हाच मी त्या भागापुढे पूर्ण झाल्याची खूण केली.

एवढे झाल्यावर मी ॲप चाचणीसाठी पाठवले आणि दुसऱ्याच दिवशी सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकारिणीचा निरोप आला. पडताळणी न झालेल्या खात्यांकडून निकालांची मागणी येत होती आणि सर्व्हर प्रत्येक वेळी ४०३ हे नकाराचे उत्तर देत होता. टॅब बंद असताना ही मागणी करत कोण होते? आम्ही पाचही पाने इंडेक्स्डस्टॅकमध्ये ठेवली होती, म्हणजे टॅब बदलल्यावर पानाची स्थिती टिकून राहते. पण हे विजेट दाखवते एकच पान आणि बांधते सगळी. निकालाचे पान कोणालाही दिसत नव्हते, तरी ॲप उघडताच ते जन्माला येत होते आणि आपली माहिती मागत होते. टॅबचा दरवाजा बंद केल्याने पान थांबत नाही, ही गोष्ट मला त्या ४०३ मुळे कळली. आता बंद टॅबच्या जागी रिकामे पान ठेवले जाते आणि खरे पान टॅब उघडा झाल्यावरच बांधले जाते. सर्व्हर नकार देत होता याचे मला समाधानही वाटले. ॲपमधला निष्क्रिय टॅब ही वापरकर्त्याची सोय असते, संरक्षण नसते. ते सर्व्हरवरच असावे लागते, आणि आमच्याकडे ते होते.

त्यानंतर मी कागद घेऊन बसले आणि चाचणी किंवा निकाल या पानांपर्यंत जाणाऱ्या सगळ्या वाटा लिहून काढल्या. पट्टी ही त्यांतली फक्त एक होती. मुखपृष्ठावर पुढच्या चाचणीचे कार्ड होते. निकाल लागल्याचे नोटिफिकेशन दाबले की थेट निकालाचे पान उघडत होते. ईमेलमधला दुवा ॲपमध्ये आत खोलवर नेत होता. अँड्रॉइडच्या मागे जाण्याच्या क्रियेने आधीच्या टॅबवर परतता येत होते. आणि सर्वांत लपलेली वाट म्हणजे शेवटचा उघडलेला टॅब आम्ही फोनमध्ये साठवून ठेवत होतो आणि ॲप पुन्हा उघडल्यावर तोच दाखवत होतो. ज्याची पडताळणी काही कारणाने रद्द झाली, त्याचे ॲप दुसऱ्या दिवशी सरळ बंद टॅबवर उघडले असते. शिवाय साठवलेला तो टॅबही क्रमांकाने साठवलेला होता.

या प्रत्येक वाटेवर वेगळी अट लिहिणे मला शक्य होते आणि पहिल्या दिवसाच्या घाईत मी तेच केलेही असते. त्याऐवजी मी एकच फंक्शन लिहिले. त्याला टॅबचे नाव आणि खात्याची स्थिती द्यायची आणि त्याने टॅबची अवस्था सांगायची. पट्टी त्यालाच विचारते, मुखपृष्ठावरचे कार्ड त्यालाच विचारते, आणि कोणत्या पत्त्यावर कोणते पान उघडायचे ते ठरवणाऱ्या गो राउटरमधील वळवण्याची सोयही त्यालाच विचारते. त्या सोयीने कोणताही पत्ता परत दिला नाही तर वाट मोकळी असते आणि पत्ता दिला तर वापरकर्ता तिकडे वळतो. नोटिफिकेशन, दुवा आणि साठवलेला टॅब हे सगळे आता राउटरमधूनच जातात, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळे काही लिहावे लागले नाही. पूर्वी कोडमध्ये सात ठिकाणी विखुरलेला प्रश्न एका जागी आला, आणि पुढे नियम बदलला तेव्हा मला एकच फाइल उघडावी लागली.

आणखी एक अवस्था मी गृहीतच धरली नव्हती: माहीत नसणे. ॲप उघडताच पडताळणी झाली आहे की नाही हे फोनला ठाऊक नसते, सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत थांबावे लागते. सुरुवातीला माझा कोड तोपर्यंत सगळे टॅब उघडे ठेवत होता आणि उत्तर आल्यावर दोन बंद करत होता. इंटरनेट मंद असले की या मधल्या वेळेत टॅब दाबता येत होता आणि पान अर्धे उघडून परत फिरत होते. उलट केले, म्हणजे उत्तर येईपर्यंत बंद ठेवले, तर पडताळणी झालेल्या विद्यार्थ्याला रोज क्षणभर आपले टॅब फिके दिसत होते. शेवटी मागच्या वेळचे उत्तर फोनमध्ये साठवून ठेवले आणि सुरुवातीला तेच खरे मानले. पहिल्यांदाच ॲप उघडणाऱ्यासाठी मात्र ते दोन टॅब बंदच ठेवले. मागचे उत्तर शिळे निघाले तरी सर्व्हर नकार देतोच, त्यामुळे नुकसान होत नाही.

येथपर्यंत दोन आठवडे झाले होते आणि तांत्रिक दृष्टीने काम पूर्ण होते. मग आम्ही ते थोड्या विद्यार्थ्यांना वापरायला दिले आणि मी त्यांच्याशेजारी बसून पाहिले. एका मुलीने चाचणीचा फिका टॅब दाबला, थांबली, पुन्हा दाबला, मग जोर देऊन दाबला आणि म्हणाली, "फोन अडकलाय." मी काही बोलले नाही. तिने ॲप बंद करून पुन्हा उघडले आणि परत तोच टॅब दाबला. स्पर्श अडवण्यासाठी मी जे जे केले होते ते सगळे अचूक चालत होते, आणि नेमके त्यामुळेच तिला काही कळायला मार्ग नव्हता. जो टॅब दाब स्वीकारतच नाही, तो आपण का बंद आहोत हेही सांगू शकत नाही. तिला चाचणी देता येत नव्हती याचे तिला तितके वाईट वाटले नव्हते. का देता येत नाही आणि आता काय करायचे, हे कोणीच सांगत नव्हते, हा तिचा खरा त्रास होता.

ॲपलच्या रचनाविषयक मार्गदर्शक सूचनांत टॅब निष्क्रिय करू नका आणि लपवूही नका, त्यातला मजकूर उपलब्ध नसेल तर तो का नाही हे त्या पानावरच समजावून सांगा, असा सल्ला आहे. कामाच्या सुरुवातीला मी तो वाचला होता आणि तो आमच्यासाठी नाही असे समजून पुढे गेले होते. त्या मुलीकडे पाहिल्यानंतर मी तो पुन्हा वाचला. मग डिझायनर आणि शंकांना उत्तरे देणारा तो सहकारी यांच्यासोबत बसून आम्ही मागणीच नव्याने लिहिली. मूळ मागणीत टॅब बंद ठेवा असे म्हटले होते. चाचणी देता येऊ नये हा तिचा हेतू होता, आणि त्यासाठी टॅब मुका ठेवण्याची गरज नव्हती.

आता चाचणी आणि निकाल हे टॅब पडताळणी न झालेल्यांनाही दाबता येतात. चिन्हाच्या कोपऱ्यात लहान कुलूप असते, नाव पूर्ण गडद रंगात असते, आणि स्क्रीन रीडर टॅबच्या नावापाठोपाठ कुलूपबंद हा शब्द वाचतो. टॅब दाबल्यावर एक साधे पान उघडते. नोंदणीची पडताळणी बाकी आहे, कोणते कागद पोहोचले आहेत, कोणते राहिले आहेत, आणि पुढचे पाऊल टाकण्यासाठी एक बटण. त्या पानावरचा मजकूर आम्ही पाच वेळा बदलला. आधी तेथे "आपल्याला या विभागात प्रवेश नाही" असे वाक्य होते, आणि ते वाचणाऱ्याला आपलेच काहीतरी चुकले असे वाटत होते. आता "पडताळणी झाली की चाचण्या येथे दिसतील" असे वाक्य आहे. या बदलासाठी कोड जवळजवळ लागलाच नाही, कारण टॅबची अवस्था सांगणारे फंक्शन तयार होते. मी त्याच्या उत्तरात केवळ कारण जोडले.

मग इनेबल्ड हा गुणधर्म मी काढून टाकला का? नाही. एका प्रसंगासाठी तो ठेवला आणि तेथे तो अगदी योग्य ठरला. विद्यार्थी लिहिलेल्या उत्तराचे छायाचित्र पाठवत असतो तेव्हा काही सेकंद त्याने पान सोडू नये, अशी गरज आहे. त्या वेळी इतर चार टॅब खरोखर निष्क्रिय होतात, आणि पाठवणे किती झाले हे दाखवणारी रेघ त्याच पडद्यावर असते. कारण डोळ्यांसमोर असते, थांबणे थोडे असते आणि पूर्ण होताच टॅब आपोआप जागे होतात. पाठवणे अयशस्वी झाले तरी टॅब पुन्हा उघडले पाहिजेत, हे मी पहिल्या प्रयत्नात विसरले होते. विमान मोड चालू करून पाहिल्यावर पट्टी कायमची निष्क्रिय राहिलेली दिसली. यश, अपयश आणि रद्द करणे या तिन्ही शेवटांवर टॅब उघडतात याची स्वयंचलित चाचणी मी त्याच दिवशी लिहिली.

अभ्यासाच्या पानावर वरच्या बाजूला टिपणे, सराव आणि चर्चा असे तीन छोटे टॅब आहेत. टिपणे वाचून होईपर्यंत सराव कुलूपबंद ठेवायचा होता. तेथे टॅबबार हे निराळे विजेट आहे आणि त्यात प्रत्येक टॅबसाठी इनेबल्ड नाही. टॅब दाबल्यावर आपले फंक्शन चालते, पण त्याआधीच कोणता टॅब निवडला आहे ते सांभाळणारा नियंत्रक नव्या टॅबकडे निघालेला असतो, त्यामुळे फंक्शनमधून त्याला मागच्या टॅबवर परत पाठवावे लागते आणि खालची रेघ क्षणभर हलल्यासारखी दिसते. बोटाने पान सरकवूनही पुढच्या टॅबवर जाता येते, आणि ते एका टॅबपुरते थांबवण्याची सरळ सोय नाही. थांबवायचे तर तिन्हींसाठी थांबवावे लागते. मी थोडा वेळ झगडले आणि मग तेथेही पानावरच कारण सांगण्याचा मार्ग घेतला. सरकवणे सर्वांसाठी चालू राहिले आणि सरावाच्या पानावर अजून किती टिपणे वाचायची राहिली आहेत ते दिसते.

शेवटचे काम लहान होते, पण मला ते फार जवळचे वाटते. विद्यार्थी कुलूपाच्या पानावर असतानाच त्याची पडताळणी पूर्ण झाली तर काय व्हावे, हा प्रश्न उरला होता. आधी त्याला ॲप बंद करून उघडावे लागत होते. आता सर्व्हरकडून स्थिती बदलल्याचा निरोप येताच राउटर आणि पट्टी दोघेही तेच फंक्शन पुन्हा विचारतात, चिन्हावरचे कुलूप निघते आणि त्याच पानाच्या जागी चाचण्यांची यादी येते. स्क्रीन रीडर चालू असेल तर चाचण्या आता उपलब्ध आहेत असे तो मोठ्याने सांगतो. फोन अडकला असे म्हणणाऱ्या मुलीला आम्ही नवी आवृत्ती दाखवली तेव्हा तिची पडताळणी व्हायची होती. तिने टॅब दाबला, पान वाचले, राहिलेला एक कागद तेथूनच पाठवला आणि फोन बाजूला ठेवला.